वर्गात झुंजवलेला किल्ला

महाराष्ट्रात इयत्ता चौथीला शिवचरित्र असते, आणि त्यातला एक प्रसंग चाकणच्या मुलांच्या गावातच घडलेला आहे. १६६० च्या पावसाळ्यात मोगल सरदार शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा किल्ला, असूनही किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे ५५ दिवस झुंजवला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यानंतरच तो मोगलांच्या हाती गेला. पाठांतर केलेले संवाद म्हणण्याऐवजी समजलेला आशय मुलांनी स्वतःच्या शब्दांत आणि कृतीत मांडणे, या अर्थाने ज्याला वर्गनाट्य म्हणतात, त्याला हा प्रसंग फार सोयीचा आहे, कारण त्यात भाषणे थोडी आणि निर्णय पुष्कळ आहेत.

बाके भिंतीला लावली, फरशीवर खडूने खंदक व बुरूज आखले आणि वर्गाचे दोन गट केले की खरे काम सुरू होते. पुस्तकात एका वाक्यात उरकलेला सुरुंग प्रत्यक्ष खणायचा म्हटल्यावर, भुयाराचे तोंड तटावरून दिसणार नाही अशा जागी कुठे काढायचे, उपसलेली माती कुठे टाकायची आणि भर पावसात दारू कोरडी कशी ठेवायची, हे प्रश्न सुरुंग्यांच्या गटालाच पडतात. भुयार खंदकातूनच आखले गेले, तर किल्ल्यातला गट लगेच हरकत घेतो आणि खडूची रेघ पुसून नव्याने काढावी लागते. हे पुसणे हाच आकलनाचा पुरावा होय. स्नेहसंमेलनातल्या घोटून बसवलेल्या नाटुकल्यात तो सापडत नाही.

शिक्षकाने स्वतः एखादी दुय्यम भूमिका घेऊन आतून प्रश्न विचारावेत, ही पद्धत ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी रूढ केली. त्या चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या होत्या, ही गोष्ट चाकणसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात आवर्जून सांगण्याजोगी आहे. येथे शिक्षक हेर होऊन किल्लेदाराला विचारतात, ‘धान्य किती दिवसांचे? महाराजांना काय कळवू?’ ‘शेवटपर्यंत लढू’ हे उत्तर कोणीही देतो. परंतु महाराज त्या वेळी कोठे आहेत असे एखाद्याने उलट विचारले की पाठ्यपुस्तकातली दोन प्रकरणे एकमेकांना भिडतात, कारण चाकणचा वेढा सुरू झाला तेव्हा महाराज स्वतः सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकले होते आणि जुलैत तेथून निसटून विशाळगडाला पोहोचले. मदत का आली नाही, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या बिहार, उत्तर प्रदेश वा मराठवाड्यातल्या कुटुंबांची मुले अशा वर्गांत असतात. ज्यांची मराठी अजून अडखळते त्यांना पहारेकरी करून कोपऱ्यात उभे करण्याची शिक्षकांची सवय सोयीची असली तरी अन्यायाची आहे. त्यांना सुरुंगाचे काम द्यावे, कारण ते हातांनी दाखवता येते.

स्फोट मात्र स्थिरचित्रातच दाखवणे बरे, म्हणजे सर्वांनी त्या क्षणीच्या स्थितीत निश्चल उभे राहायचे. शेजारच्या वर्गाची तक्रार टळते, आणि शिक्षकाने ज्याच्या खांद्याला हात लावला त्याने आपण कोण आणि आता काय करणार, हे एका वाक्यात सांगायचे असल्यामुळे आकारिक मूल्यमापनातील तोंडी कामाच्या नोंदीही तिथल्या तिथे करता येतात.