चाकांचे कोन आणि टायरची झीज

मोटारीची चारही चाके सरळ उभी आणि सरळ पुढे रोखलेली असतात असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मात्र ती उत्पादकाने ठरवून दिलेल्या बारीक कोनांत किंचित कललेली वा वळलेली असतात, आणि हे कोन मोजून, बिघडले असल्यास पुन्हा ठरलेल्या मर्यादेत आणण्याच्या कामाला व्हील अलाइनमेंट म्हणतात. टायरच्या दुकानात ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ हे जोडनाव एका दमात उच्चारले जात असल्याने दोन्ही कामे एकच असल्याचा समज रूढ झाला आहे. बॅलन्सिंगमध्ये चाकाच्या वजनातील विषमता रिमला छोटी वजने लावून दूर केली जाते आणि ती राहून गेली तर वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरते. अलाइनमेंटचा संबंध वजनाशी नसून दिशेशी आहे.

हे काम टो, कॅम्बर आणि कॅस्टर या तीन कोनांवर उभे आहे, परंतु मोटारमालकाच्या खर्चाशी सर्वांत थेट संबंध पहिल्याचा येतो. गाडीकडे वरून पाहिले असता पुढच्या दोन चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा एकमेकींच्या जवळ असतील तर त्या स्थितीला टो-इन आणि दूर असतील तर टो-आउट म्हणतात. हा कोन इतका लहान असतो की तो मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत, किंवा मिलिमीटरमध्ये सांगितला जातो. दोन्ही चाके प्रत्येकी 12 मिनिटांनी, म्हणजे 0.2 अंशाने, आत वळलेली आहेत असे धरले, तर सुमारे 60 सेंटिमीटर व्यासाच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम 2 मिलिमीटरचा फरक पडतो, जो डोळ्यांना दिसणे शक्य नाही. तरीही गाडी सरळ जात असताना असे प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे साडेतीन मीटर आडवे ओढले जाते, आणि 10,000 किलोमीटरच्या प्रवासात ही फरफट 35 किलोमीटरची होते. रबर लवचीक असल्याने त्यातील काही भाग ते स्वतः लवून सोसते, उरलेला भाग रस्त्यावर घासून झिजतो. अशा टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवला असता ती एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागते, व ही खूण कोणत्याही यंत्राआधी मालकाला स्वतः तपासता येते.

मग चाके तंतोतंत समांतरच का ठेवली जात नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. कोन मोजले जातात ते गाडी उभी असताना, आणि गाडी धावू लागली की सांध्यांतील रबरी बुश दबून चाके थोडी सरकतात. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळत असे, त्यामुळे पुढची चाके रस्त्याच्या रोधाने मागे रेटली जाऊन बाहेर वळू पाहत, आणि त्याची भरपाई म्हणून अशा रचनेत थोडा टो-इन ठेवला जातो. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 पासून भारतात पुढची चाके ओढणाऱ्या छोट्या गाड्यांचे युग सुरू झाले. ही चाके ताकद लागताच आत वळू पाहतात, म्हणून त्यांचा टो बहुधा शून्याच्या आसपास असतो. एका गाडीचा आकडा दुसरीला लावणे चुकीचे ठरते ते यामुळेच.

समोरून पाहिल्यावर चाकाचा जो उभा कल दिसतो तो कॅम्बर. चाकाचा माथा गाडीच्या आत झुकला तर तो ऋण, बाहेर झुकला तर धन. वळणावर गाडीचे शरीर बाहेरच्या बाजूला कलते आणि त्याबरोबर बाहेरचे चाकही बाहेर झुकू लागते, ते त्या क्षणी रस्त्यावर सपाट टेकावे म्हणून अनेक गाड्यांत अल्प ऋण कॅम्बर दिलेला असतो. तो प्रमाणाबाहेर गेला की टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. दिसण्याच्या हौसेने स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात.

कॅस्टर हा कोन दिसत नाही, जाणवतो. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे कललेला असतो, आणि त्यामुळे तो जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या थोडा पुढे भिडतो. सायकलच्या तिरप्या चिमट्यामुळे हात सोडले तरी ती जशी सरळ राहू पाहते, तसे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते ते या कोनामुळे. कॅस्टरमुळे टायर सहसा झिजत नाही, मात्र डावे चाक खड्ड्यात जोरात आदळून मागे सरकले तर त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी डावीकडे ओढू लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे साधारण दोन ते अडीच टक्के उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी निर्दोष गाडीही डावीकडे किंचित झुकते. खरोखरच ओढत असेल तर आधी हवा तपासावी, नंतर पुढचे दोन टायर, ते एकाच दिशेला फिरण्याच्या बनावटीचे नसल्यास, आपसात बदलावेत. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरचा आहे, कोनांचा नाही. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडे राहते ही तक्रार वेगळी असून ती बहुधा डाव्या-उजव्या चाकांच्या टोच्या असमान वाटणीतून किंवा मागच्या चाकांच्या तिरप्या दिशेतून उद्भवते.

छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब, आणि मागे एकसंध लवणारा बीम अशी रचना सर्रास आढळते, आणि अशा बहुतेक गाड्यांत टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्याची, लांबी कमी-जास्त करून पुढचा टो तेवढा बदलता येतो. कॅम्बर व कॅस्टर मर्यादेबाहेर दिसले तर त्याचा अर्थ चाकाला खालून धरणारा लोअर आर्म, स्ट्रट किंवा बुश यांपैकी काहीतरी वाकले वा झिजले आहे असा बहुधा होतो. या आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, ढिला असताना केलेली जुळवणी पहिल्या गतिरोधकापर्यंतच टिकते. पाच हजार किलोमीटर झाले की अलाइनमेंट करावेच, हा दुकानांतील प्रघात म्हणूनच अपुरा आहे, कारण कोन किलोमीटरनी नव्हे तर धक्क्यांनी आणि झिजेने बिघडतात. जुळवणीपूर्वीचे व नंतरचे आकडे असलेला छापील अहवाल मागून घेणे अधिक उपयोगाचे. ज्या नव्या गाड्यांत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, तेथे जुळवणीनंतर स्टिअरिंगचा कोन वाचणाऱ्या सेन्सरचा शून्य पुन्हा बसवावा लागू शकतो. ते राहून गेले तर चाके सरळ असतानाही गाडीचा संगणक ती वळलेली आहेत असे धरून चालतो.