घरी बसण्यापेक्षा एम.ए.?

जुलैमध्ये विभागात प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य मला आता पाठ झालं आहे. ‘सर, घरी बसण्यापेक्षा म्हटलं एम.ए. तरी करू दे.’ त्या ‘तरी’त सगळं आलं. मुलगी शेजारी उभी असते, हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कलिस्ट आणि टीसी. ती काही बोलत नाही. वडिलांचा राग यावा असंही काही नसतं, त्यांच्याकडे एम.ए.ची जी माहिती आहे ती तीस वर्षांपूर्वीची आहे, आणि त्यातली निम्मी ऐकीव. दोष थोडा आमचाही आहे. माहितीपत्रकात आम्ही श्रेयांकांचा तक्ता छापतो, पण त्या श्रेयांकांत मुलं नेमकं करणार काय, हे सांगायचं राहून जातं. म्हणून हा लेखनप्रपंच.

‘बी.ए.सारखंच असतं. गाइड घ्यायचं, पेपर द्यायचे.’

एके काळी हे बऱ्यापैकी खरं होतं. वर्षाला मोजके पेपर, उन्हाळ्यात परीक्षा, आणि त्याआधी पंधरा दिवस झेरॉक्सच्या दुकानात ‘अपेक्षित प्रश्नां’साठी रांग. त्या रस्त्याने पास झालेले लोक आज पालक आहेत, काही माझे सहकारीही आहेत.

२०२३-२४ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदव्युत्तर वर्गांचा आराखडा बदलला. दोन वर्षं, चार सत्रं, सत्राला २२ श्रेयांक, एकूण ८८. शिकवण्याच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास, म्हणजे चार श्रेयांकांचा पेपर ६० तासांचा. आता त्या ८८ मध्ये डोकावून बघा. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक. दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प, त्याचे ४. तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प, त्याचे ४ आणि ६. बेरीज १८. म्हणजे पदवीचा जवळजवळ पाचवा हिस्सा असा आहे, जिथे छापील गाइड उघडून काही हाती लागत नाही. तिथे हाडामांसाचा गाइड लागतो, आणि तो सापडणं हे थोडं नशिबावर असतं. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक झाल्यावर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेरही पडता येतं. चार वर्षांची ऑनर्स पदवी केलेल्यांना एम.ए. एकाच वर्षाचं आहे.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचं म्हणाल, तर तो कुठे घ्यायचा हा कला शाखेला पडलेला मोठा प्रश्न आहे. प्रकाशन संस्था, वृत्तपत्र, संग्रहालय, अभिलेखागार ही उत्तरं पुण्या-मुंबईत चालतात. तालुक्याच्या गावात पुष्कळदा ओळखीच्या ऑफिसातून शिक्का मारून आणला जातो, आणि आम्हीही फार खोलात जात नाही.

संशोधन प्रकल्पात मात्र कधी कधी जीव असतो. आमच्याकडच्या एका मुलीने लग्नपत्रिका हा विषय घेतला. नातेवाइकांच्या ट्रंका, देव्हाऱ्याखालचे खण, एका आजीचा पत्र्याचा डबा असं करत तिने दीडशेवर पत्रिका जमवल्या. पहिला मसुदा आणला त्यात सगळं होतं: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ कधी गेलं, ‘चि. सौ. कां.’ कसं टिकलं, ‘आहेर आणू नयेत’ कधी आलं, आणि ‘माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ हा लाडिक हट्ट कोणत्या काळात घुसला. मी म्हटलं, ‘हे झालं वर्णन. तुझा प्रश्न कुठंय?’ ती हिरमुसून गेली. तीन आठवड्यांनी परत आली ती एकच प्रश्न घेऊन: पत्रिकेत बोलतं कोण? मग तिने निमंत्रकांची नावं मोजली. बायकांची नावं कुठे सुरू होतात, कुणाच्या नावाच्या आडोशाने येतात, विधवा आई निमंत्रक म्हणून कधी दिसू लागते, हे सारं नोंदवलं. वधूवरांच्या नावापुढच्या कंसातल्या पदव्याही तिने सोडल्या नाहीत. आधी त्या फक्त वराच्या, मग दोघांच्या. तिच्या नात्यातल्याच एका पत्रिकेत वधूच्या नावापुढे कंसात होतं: ‘एम.ए. प्रथम वर्ष’. ती पत्रिका टेबलावर माझ्याकडे सरकवताना ती जे हसली, त्यात ‘घरी बसण्यापेक्षा’ला उत्तर होतं.

‘तास बसून मिळवलेली एम.ए. ती दुय्यम, संशोधनाची पदवी ती खरी.’

हा गैरसमज शिकलेल्यांत जास्त. त्यांना मी एक यादी दाखवतो. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेले कोर्स असे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन एकेक. जॉन ड्यूई आणि एडविन सेलिगमन यांच्यासारख्यांच्या वर्गात बसून केलेला हा अभ्यास. १९१५ मध्ये त्यांना एम.ए. मिळाली. त्यासाठी प्राचीन भारतातल्या व्यापारावर त्यांनी प्रबंधही लिहिला होता.

पण मला महत्त्वाची वाटते ती पुढच्या वर्षीची गोष्ट. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला आणि जातिव्यवस्थेचा अभ्यास करणारे आजही त्यापाशी थांबतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हा ‘सेमिनार पेपर’. माझी मुलं ज्याला ‘इंटर्नलचं काम’ म्हणतात आणि आदल्या रात्री एकमेकांच्या व्हॉट्सॲपवरून उतरवतात, त्याच जातीचा. फरक सेमिनार कसा घेतला जातो आणि त्यात कोण बसतं, याचा.

दुसरं असं, की एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधली एम.फिल.ची पायरी आता राहिली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ती बंद झाली. पीएच.डी.लाही किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क करावंच लागतं. म्हणजे तास बसण्यातून कुणाचीच सुटका नाही. (ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये मात्र आहे. तिथला बी.ए. झालेला पदवीधर काही वर्षांनी पुढचा काहीही अभ्यास न करता, परीक्षा न देता एम.ए. होतो. जुनी रीत आहे. आपल्याकडे ती सुरू झाली तर प्रवेशाच्या खिडकीवर काय होईल, कल्पना करा.) त्याच इंग्लंडमध्ये वर्ग भरवून शिकवलं जाणारं एम.ए. मात्र कसून घेतात: एका वर्षात १८० क्रेडिट, त्यातले साधारण ६० प्रबंधिकेचे. तिथली १८० आणि आपली ८८ यांची थेट तुलना करू नका. मोजायची पद्धतच वेगळी आहे.

‘एम.ए. झालं की प्राध्यापक.’

नाही. सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. त्यावर नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी. नेट आणि सेट या स्पर्धा आहेत, नुसतं पास होऊन भागत नाही: नेटचे दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरतात. मध्यंतरी विद्यापीठांत नेमणुकीसाठी पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून मोठी धावपळ झाली होती. २०२३ च्या जुलैमध्ये आयोगाने ती सक्ती काढली. तरी ‘पीएच.डी.शिवाय काही खरं नाही’ हे वाक्य स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतं.

आणि नेट झाली की नोकरी? इथे मी गोड बोलणार नाही. पात्र झालेले माझे कितीतरी विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवतात. सीएचबी म्हणतात त्याला. जितके तास घेतले तितके पैसे. दिवाळी आणि मे महिना कोरडा. दोन कॉलेजांत तास घेऊन एसटीने घरी पोचणारा, चाळिशीला टेकलेला ‘सर’ तुमच्याही ओळखीत असेल. प्राध्यापकी हे एम.ए.चं एकमेव फळ धरून प्रवेश घेणार असाल तर हे चित्र समोर ठेवून घ्या. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए.सोबत बी.एड. लागतं. एमपीएससी, यूपीएससीला एम.ए. लागतच नाही, साधी पदवी पुरते. अभ्यासाला हॉस्टेल आणि वाचनालय मिळावं म्हणून एम.ए.ला नाव नोंदवणारे पुष्कळ असतात. ते काही गुन्हा करत नाहीत. फक्त सेमिनारच्या खोलीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

‘बी.एस्सी., बी.कॉम.वाल्याला चालत नाही.’

बऱ्याच विद्यापीठांत मराठी, इतिहास, राज्यशास्त्र यांसारख्या विषयांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा बघून घ्या. माझ्या अनुभवात बी.एस्सी.ची मुलं पहिल्या सत्रात गोंधळतात आणि तिसऱ्यात पुढे जातात, कारण नोंदी नीट ठेवायची सवय त्यांना प्रयोगवहीने लावलेली असते.

याच्याच शेजारचा गैरसमज: ‘मराठीत एम.ए. काय करायचं, ती तर येतेच की!’ येते ती बोलायला. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ मूळ भाषेत समोर ठेवा, म्हणजे कळतं किती येते ते. हा ग्रंथ ज्यांचा, त्या महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक लिपीत, लिहून ठेवले होते. इतिहासवाल्यांचंही तसंच. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं. त्यातला कागद मोडी लिपीत असतो. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्ह नाही, हात पळता. पहिल्या दिवशी दोन ओळींना दुपार जाते. मोडी येणारा एम.ए. आणि न येणारा एम.ए. यांच्या गुणपत्रिका सारख्या दिसल्या, तरी त्या एकच पदवी नव्हेत.

‘मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही.’

चालते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असो की इग्नू, आयोगाची मान्यता असलेल्या दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच धरली जाते. मान्यता त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी आहे का, एवढं आयोगाच्या संकेतस्थळावर तपासा. फसतात ते इथेच. एकाच वेळी दोन पदव्या करायलाही २०२२ पासून परवानगी आहे. दूरस्थ शिक्षणात हरवतो तो सेमिनार, म्हणजे कुणीतरी ‘तुझा प्रश्न कुठंय?’ विचारणारं. त्याची भरपाई स्वतः करावी लागते. काही जण करतात.

‘मराठीतून लिहिलं की मार्क कमी’

इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांची उत्तरं बहुतेक विद्यापीठांत मराठीतून लिहिता येतात, आणि चांगल्या मराठी उत्तराला मी तरी कधी हात आखडता घेतलेला नाही. गोची वेगळीकडे आहे. भाषाविषय सोडले तर नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. संदर्भग्रंथही बरेचसे इंग्रजीत. तेव्हा मराठीतून लिहा, पण पहिल्या सत्रापासून रोज दोन पानं इंग्रजी वाचायची सवय ठेवा, शब्दकोश मांडीवर घेऊन. ‘हेजेमनी’ म्हणजे वर्चस्व हे पाठ करून भागत नाही; तो शब्द कुठल्या वाक्यात चिडतो आणि कुठल्या वाक्यात गप्प बसतो, हे मुळातूनच वाचावं लागतं.

‘आता काय वय राहिलं का?’

एम.ए.ला वयाची अट नाही. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नेट-सेटलाही नाही. वयाची मर्यादा आहे ती फक्त कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीला, ३० वर्षांची, आणि त्यातही स्त्रियांना व राखीव प्रवर्गांना पाच वर्षांपर्यंत सवलत आहे.

आमच्या वर्गात मध्यंतरी एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मुलं त्यांना काका म्हणायची. काकांची पहिली लेखी परीक्षा होती, मी सुपरव्हिजनला. अडीच तास ते मान वर न करता लिहीत होते. मग हात वर केला. ‘सर, पुरवणी आणि दोरा.’ सगळा वर्ग हसला. मी जवळ जाऊन सांगितलं, ‘काका, आता पुरवणी मिळत नाही. उत्तरपत्रिकेची पानं ठरलेली असतात.’ त्यांनी चष्मा काढला, उरलेली पानं अंगठ्याने चाळून मोजली आणि म्हणाले, ‘मग हे आधी सांगायचं ना सर. मी अजून प्रस्तावनेतच आहे.’