आउटबोर्ड इंजिन किती पळवायचं?

8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्राह्मणाळजवळ पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. तेव्हापासून बोटीचा विषय निघाला की माणसं किती बसवली आणि लाइफ जॅकेट होती का, हेच आधी विचारलं जातं. ते रास्तच आहे. पण इंजिन किती वेगानं चालवायचं, हा प्रश्न मागे पडतो. थ्रॉटल अमुक इतका ओढा, असं त्याचं एकच उत्तर नाही. वेग ठरवतात पाणी आणि बोटीतला भार. कृष्णेचा ओढा ताशी 6 किलोमीटर आहे असं धरा. पाण्याच्या मानानं बोट ताशी 7 नं चालवली तर काठाच्या हिशेबानं ती तासाला जेमतेम एक किलोमीटर सरकते. लागणारी ताकद ढोबळमानानं वेगाच्या घनानं वाढते. तो हिशेब घातला, तर ओढ्याच्या दीडपट, म्हणजे ताशी 9 नं जाण्यात दर किलोमीटरला सर्वांत कमी पेट्रोल लागतं. 7 नं जाण्यात त्याहून सुमारे 40 टक्के जास्त. हळू चालवलं की तेल वाचतं, हे साचलेल्या पाण्यात खरं आहे, ओढ्याविरुद्ध नाही.

मग थ्रॉटल पूर्णच का ओढू नये? कारण भरलेली 16 फुटी बोट ताशी साधारण 10 किलोमीटरच्या पुढे गेली की स्वतःच्याच लाटेवर चढू पाहते. नाक वर उठतं, मागची कड पाण्याला टेकते, पेट्रोल धडाधड जळतं आणि वेग मात्र वाढत नाही. सर्वांत मोठी लाटही याच टप्प्यात उठते. गल्लीत पाण्यात उभ्या भिंतींवर ती आदळू नये म्हणून तिथं इंजिन अगदी मंद हवं. फांद्या आणि तारा पंख्यात अडकण्याची भीती असेल तिथं तर इंजिन बंद करून वल्हीच बरी. आणि ओढाच ताशी 10 चा असेल तर दीडपटीचं गणित भरलेल्या बोटीला झेपणारं नाही. तिथं मधल्या धारेशी झुंजण्यात अर्थ नसतो. जुने नावाडी काठालगतचं संथ पाणी धरतात, ते उगाच नव्हे.

माणसं छपरावर अडकलेली असताना हे हिशेब करायला कुणाला सवड आहे, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, म्हणून हे काम मे महिन्यातलं आहे. बोटीत माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवायची, संथ पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि टॅकोमीटर पाहायचा. अनेक इंजिनांसाठी कंपनी 5000 ते 6000 आरपीएमचा पल्ला देते. भारासह काटा तिथवर पोचत नसेल, तर पंख्याचा पिच जास्त आहे. टॉप गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखं इंजिन कण्हत राहतं, तापतं, कार्बन धरतं. पिच एक इंचानं कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. रिकाम्या बोटीवर निवडलेला पंखा चाचणीत झकास पळतो आणि महापुरात दम सोडतो. पंखा बदलायचा खर्च नव्या इंजिनापुढे किरकोळ आहे. ग्रामपंचायतीनं बोट घेताना दोन पंखे मागून घ्यावेत.