विश्वविद्यालयाचें रताळें

जपानांत 'दाइगाकु-इमो' नांवाचा एक गोड खाऊ आहे. 'दाइगाकु' म्हणजे विश्वविद्यालय व 'इमो' म्हणजे कंद. रताळ्याचे वेडेवांकडे तुकडे तेलांत तळून साखरेच्या दाट पाकांत घोळितात व वर काळे तीळ भुरभुरवितात. वरचा पाक चकाकतो व आंतील रताळें मऊच राहतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तोक्योंतील विद्यार्थ्यांस हा स्वस्त व पोटभरीचा खाऊ फार प्रिय होता, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात.

परंतु या कंदाची खरी थोरवी याहून जुनी आहे. रताळें मूळचें अमेरिकेंतील. तें चीनमधून र्‍यूक्यू बेटांत व पुढें सात्सुमा प्रांतांत आलें. इ. स. १७३२ सालीं पश्चिम जपानांत भातावर कीड पडून भयंकर दुष्काळ झाला. तेव्हां रताळ्याचा उपयोग ओळखून आओकी कोन्यो या विद्वानानें १७३५ सालीं एदो, म्हणजे आजचें तोक्यो, येथें त्याची प्रायोगिक लागवड केली. हलक्या जमिनींतही येणारें हें पीक पुढें दुष्काळांत गरिबांचा आधार झालें.

बालमित्रहो, दुष्काळांतील हा सोबतीच पुढें विद्यार्थ्यांचा खाऊ झाला. म्हणून साध्या अन्नास कोणीं हलकें लेखूं नये.