आवर्तन ऐकावे कसे?

स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची 1972 सालची एक रचना आहे. तीत वाद्य कोणतेच नाही. दोन माणसे उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवितात. ती प्रथम ऐकली तेव्हा, खरे सांगतो, दुसऱ्याच मिनिटाला मी घड्याळ पाहिले. सूर नाही, शब्द नाही. हे संगीत तरी कसले?

दोष कानांचा होता, हे मला जांब समर्थ येथे उमगले. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव; जन्म 1608चा. त्यांच्या संप्रदायाचा त्रयोदशाक्षरी मंत्र मंडळी एकसुरात म्हणत होती. मी बसल्या बसल्या अक्षरे मोजू लागलो. (देवळात हा उद्योग बरा नव्हे, पण झाला खरा.) पहिल्या रामनामाआधी ‘श्री’, दुसऱ्याआधी एक ‘जय’, तिसऱ्याआधी दोन. अक्षरे 3, मग 4, मग 6. नाम तेच, त्याच्या आधीचा भाग तेवढा वाढतो आणि पुन्हा तिनावर येतो. इतकी वर्षे ऐकूनही ही वाढ माझ्या ध्यानी आली नव्हती!

लहान तुकडे जोडून लय वाढविण्याची ही रीत फिलिप ग्लास यांना पॅरिसमध्ये 1965च्या सुमारास पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्या सहवासात गवसली. त्यांची 1968 सालची ‘1+1’ ही रचना तर टेबलावर बोटांनी वाजवायची आहे.

आता त्या टाळ्यांकडे वळू. आवर्तन 12 मात्रांचे. तीन टाळ्या, एक मात्रा रिकामी, दोन, रिकामी, एक, रिकामी, पुन्हा दोन, रिकामी. पहिला वादक हेच शेवटपर्यंत धरून ठेवतो. दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकतो. आपले कान समेची वाट पाहतात, आणि येथे तर दोघांच्या समा वेगळ्या पडतात! म्हणून सम शोधू नये. पहिल्याच्या रिकाम्या जागांवर कान ठेवावा. तेथे दुसऱ्याची टाळी पडते, आणि दोघांपैकी कोणीच वाजवीत नाही अशी तिसरी लय ऐकू येऊ लागते.

म्हणून हा जपच आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. राइश यांनी 1970 साली आफ्रिकेतील घाना देशात ढोलवादनाचे शिक्षण घेतले होते. शिवाय जपात मन नामावर ठेवायचे असते, येथे ते फरकावर ठेवावे लागते.

बारा वेळा सरकल्यावर दुसरा वादक पहिल्याला येऊन मिळतो. सुरुवातीचीच टाळी, पण आता ती किती भरीव वाटते, ते घरी ध्वनिमुद्रण लावून पाहा. घड्याळ मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा.