कपाटातला डिजिकॅम आधी शोधा

कॉलेजचा फेस्ट असो, ट्रेक असो की कुणाच्या तरी टेरेसवरचा बर्थडे, हल्ली प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण खिशातून छोटासा चंदेरी कॅमेरा काढतोच. मनगटाला दोरी, ऑन केल्यावर 'झुंईऽऽ' करत बाहेर येणारी लेन्स आणि डोळे दिपवणारा फ्लॅश. दुसऱ्या दिवशी ते फोटो स्टोरीवर पडले, की ग्रुपमधले चौघं तरी विचारतात, "कुठला कॅमेरा आहे रे?"

खरं तर कुठला कॅमेरा हे नंतर, तो कशासाठी हवाय हे आधी. कारण इथे कुणाचा साठवलेला पॉकेटमनी पणाला लागलेला असतो, तर कुणाचा पहिल्या इंटर्नशिपचा स्टायपेंड. आणि रील बघून घेतलेला कॅमेरा दोन महिन्यांत ड्रॉवरमध्ये जाऊन पडला, की घरचे वर्षभर ऐकवतात ते वेगळंच.

आधी बाजाराची गंमत बघा. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात गेले आणि त्यातले बहुतेक खिशात मावणारे होते. मग स्मार्टफोन आले. २०२३ मध्ये अशा छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा जेमतेम १७ लाखांवर आला होता. म्हणजे दुकानात नव्या मॉडेल्सची चॉइस कमी आणि घराघरांतल्या कपाटांत जुने कॅमेरे पडून. पप्पांनी तुमच्या बारशाला किंवा महाबळेश्वरच्या ट्रिपसाठी घेतलेला सायबर-शॉट, कूलपिक्स किंवा इक्सस कुठेतरी असणारच. लग्नाच्या अल्बमच्या मागे, जुन्या चार्जरच्या गुंत्यात बघा. नसेल तर मामाकडे विचारा. हा सल्ला फुकट आहे आणि निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

आता तो 'डिजिकॅम लूक'. नेटवर याचं सगळं श्रेय सीसीडी सेन्सरला दिलं जातं. जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी असायचा, नव्यांत सीमॉस असतो, म्हणून जुन्यांचे रंग भारी, असा एकूण हिशोब. सीसीडी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधला आणि २००९ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेलही मिळालं, त्यामुळे त्याचा मान मोठाच. पण फोटोतले रंग ठरवण्यात सेन्सरइतकाच किंवा जास्तच हात असतो कॅमेऱ्याच्या आतल्या प्रोसेसिंगचा. 'सीसीडी आहे' एवढ्या एका शब्दावर कुणी हजार-दोन हजार जास्त मागत असेल, तर सरळ पुढच्या दुकानात जा.

खरी जादू आहे फ्लॅशमध्ये. फोनमध्ये असतो एलईडी, म्हणजे जवळजवळ टॉर्चच. कॅमेऱ्यात असतो झेनॉन फ्लॅश. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात एकदम लख्ख प्रकाश फेकतो, त्यामुळे नाचणारा माणूस हवेत गोठल्यासारखा येतो, चेहरा उजळतो आणि मागचं सगळं काळोखात जातं. शिवाय फोन एकेका क्लिकला अनेक फ्रेम्स घेऊन त्या जोडतो, सावल्या उजळतो, चेहरा गुळगुळीत करतो. जुना कॅमेरा असले लाड करत नाही. जे दिसलं ते, एकदाच. तोच 'रॉ' फील आपल्याला आवडतोय. तेव्हा जुना कॅमेरा बघताना सगळ्यात आधी फ्लॅश उडतो का ते बघायचं.

फ्लॅश बंद करून, कमी उजेडात मात्र चित्र उलटं होतं. पिवळ्या दिव्याची टपरी, रात्रीची लोकल, अंधारलेला नाट्यगृहाचा फॉयर अशा ठिकाणी साधा जुना डिजिकॅम तुमच्या चांगल्या फोनपुढे सपशेल हरतो. कारण सोपं आहे. स्वस्त कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण १/२.३ इंच म्हणवला जातो, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. करंगळीच्या नखापेक्षाही लहान! आजच्या बऱ्याच महागड्या फोनचा मुख्य सेन्सर याहून मोठा आहे. मोठा सेन्सर म्हणजे जास्त प्रकाश, पाऊस साठवायला वाटीऐवजी परात ठेवल्यासारखं.

म्हणून फोनपेक्षा खरोखर वरचढ काही हवं असेल, तर 'वन इंच' हा शब्द शोधा. हा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. (एक इंच कुठेच भरत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून पडलेलं हे नाव आहे.) क्षेत्रफळ साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० मध्ये हा सेन्सर जीन्सच्या खिशात मावेल अशा बॉडीत बसवला आणि नंतर कॅननची जी७ एक्स मालिकाही त्याच वाटेने गेली. याच्या वरच्या पायरीवर रिको जीआर मालिका. सेन्सर डीएसएलआरमध्ये असतो त्या एपीएस-सी मापाचा, बॅटरी-कार्डसकट २०१९ च्या जीआर ३ चं वजन २५७ ग्रॅम, पण झूम अजिबात नाही. जवळ जायचं असेल तर पायांनी जायचं. इन्स्टावर सतत दिसणारा फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय दिसायला कातिल आहे, पण तो जॅकेटच्या खिशातला कॅमेरा, जीन्सच्या नव्हे. आणि किंमत दीड लाखाच्या पुढे.

वन-इंचवालेसुद्धा नवे घेतले तर पाऊण लाखाच्या आसपास जातात, म्हणजे एका वर्षाची कॉलेज फी. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की, रोजच्या फोटोंसाठी दोनच टोकं शहाणपणाची. एक तर कपाटातला किंवा सेकंडहँड जुना कॅमेरा फ्लॅशच्या मजेसाठी, नाहीतर पैसे साठवून थेट वन-इंच, तोही सेकंडहँड चालेल. मधल्या गल्लीत जाऊ नका.

मधली गल्ली म्हणजे ऑनलाइन दिसणारे, कधी नावही न ऐकलेल्या ब्रँडचे, चार-सहा हजारांचे नवे कोरे कॅमेरे. '४८ मेगापिक्सेल, ४के, १६एक्स झूम' असं खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं. त्यातले पिक्सेल बऱ्याचदा लहानशा सेन्सरवरचा फोटो ताणून फुगवलेले असतात आणि झूम डिजिटल, म्हणजे फोटो नुसता कापून मोठा केलेला. झूमच्या पुढे 'ऑप्टिकल' हा शब्द आहे की नाही, एवढं बघितलं तरी पैसे वाचतील. आणि मेगापिक्सेलचं म्हणाल तर ६ बाय ४ इंचांच्या छानशा प्रिंटला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. इन्स्टाच्या उभ्या पोस्टला दीडही खूप झाले. मावशीचा आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणून नाक मुरडायचं काहीच कारण नाही.

सेकंडहँडसाठी पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि फोर्टातल्या बोरा बाजाराच्या आसपासची कॅमेऱ्यांची दुकानं आहेतच. जाताना घरून चार्ज केलेली पॉवरबँक, एक लहान एसडी कार्ड आणि दोन पेन्सिल सेल खिशात ठेवा. जुने पॉवरशॉट 'ए' किंवा कूलपिक्स 'एल' मालिकेतले बरेच कॅमेरे साध्या पेन्सिल सेलवर चालतात आणि हॉस्टेलवाल्यांसाठी याहून मोठं सुख नाही. इतरांना खास लिथियम बॅटरी लागते. ती फुगलेली असेल तर हात लावू नका, नवी कुठे मिळते ते आधी शोधा. "बॅटरी टाकली की चालू होईल" असं सांणाऱ्याला गोड हसून पुढे व्हायचं.

कार्डाचा घोळ तर खासच. २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत, त्यामुळे तुमचं ६४ जीबीचं कार्ड तिथे बिनकामाचं. जुन्या ऑलिंपस आणि फुजीमध्ये एक्सडी कार्ड, जुन्या सोनीमध्ये मेमरी स्टिक. ही कार्डं आता सहज मिळत नाहीत, मिळाली तर कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीला. कार्डासकट मिळत नसेल तर सोडून द्या.

हातात घेतल्यावर लेन्स दोन-चार वेळा आतबाहेर करा. करकरली तर समजायचं, अलिबागची वाळू आत गेलेली आहे, आणि एक दिवस स्क्रीनवर 'लेन्स एरर' येऊन खेळ खलास. मग मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरट नक्षी दिसली तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्याने, त्यातही कोकणातल्या दमट हवेने, कितीतरी चांगल्या लेन्स अशा खाल्ल्यात. तुमचा कॅमेरा जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. आईचा लोणच्याचा डबा नको, वास जात नाही.

वापरताना एकच सवय लागेल. शटर आधी अर्धं दाबायचं, फोकसचा हिरवा चौकोन आला की पूर्ण. फोनच्या सवयीने एकदम दाबलंत तर कॅमेरा विचार करत बसतो आणि मित्र तोवर डोळे मिटतो. आणि हो, पहिल्यांदा ऑन केल्यावर तारीख विचारेल, ती कंटाळा न करता नीट भरा. नाहीतर यंदाच्या विसर्जन मिरवणुकीचे सगळे फोटो लॅपटॉपवर १ जानेवारी २००८ च्या फोल्डरमध्ये जाऊन बसतील.