शोक आणि पुनरुत्थानाची आशा : लेखांक चौथा

या लेखमालेच्या मागील भागात ईयोबाच्या ग्रंथाचा विचार करताना असे दिसले की, नीतिमान माणसावर आलेली संकटे ही त्याच्या पापाचीच फळे असली पाहिजेत, हा ईयोबाच्या मित्रांचा युक्तिवाद ग्रंथाच्या अखेरीस स्वतः देवच अमान्य करतो. दुःखाचे कारण जर हाती लागत नसेल, तर दुःखाला आणि त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या मृत्यूला श्रद्धावंताने सामोरे कसे जावे, हा प्रश्न ओघानेच येतो, आणि ख्रिस्ती परंपरेने त्याला दिलेले उत्तर हा या भागाचा विषय आहे.

या उत्तराची पहिली बाजू अशी की, श्रद्धेमुळे शोक निषिद्ध ठरत नाही. स्तोत्रसंहितेत, म्हणजे जुन्या करारातील १५० स्तोत्रांच्या संग्रहात, सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांपैकी बहुतेक स्तोत्रे शेवटी देवाच्या स्तुतीकडे वळतात. ८८वे स्तोत्र मात्र अंधाराच्या उल्लेखावरच थांबते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आणि उपासनेत टिकून राहिले, कारण देवापुढे मांडलेले गाऱ्हाणे हीदेखील प्रार्थनाच होय, अशी या परंपरेची धारणा आहे. योहानकृत शुभवर्तमानानुसार बेथानी येथील लाजर मरून चार दिवस झाले असता, आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही, येशू त्याच्या बहिणींच्या दुःखाने हेलावून रडतो. गेथशेमाने बागेत तोच येशू स्वतःच्या मरणापुढे व्याकूळ होतो, आणि वधस्तंभावर, देवाने आपला त्याग का केला, असा आक्रोश करतो. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी हा आक्रोश आहे, त्या धर्मात अश्रू हे अश्रद्धेचे लक्षण मानता येत नाही.

दुसरी बाजू मृत्यूच्या स्वरूपाविषयीची आहे. ग्रीक तत्त्वज्ञानातील एका प्रभावी मतानुसार शरीर हा आत्म्याचा तुरुंग असून मृत्यू ही त्यातून सुटका होय. प्रेषित पौल मात्र इ. स. ५५च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात मृत्यूला शत्रू म्हणतो, आणि नष्ट व्हावयाच्या शत्रूंमध्ये त्याला शेवटचे स्थान देतो. शरीर ही देवाची निर्मिती असल्यामुळे त्याचा नाश ही खरीखुरी हानी आहे, आणि म्हणूनच ख्रिस्ती आशा केवळ आत्म्याच्या अमरत्वाशी न थांबता पुनरुत्थानाची, म्हणजे देवाने संपूर्ण माणसाला अविनाशी रूपात नव्याने उठवण्याची, आशा ठरते. हे पुनरुत्थान म्हणजे कर्मानुसार मिळणारा पुनर्जन्म नव्हे, तसेच लाजराप्रमाणे जुन्याच मर्त्य आयुष्यात परतणेही नव्हे. पौल त्यासाठी पेरलेल्या दाण्याचा दृष्टांत देतो : उगवणारे रोप दाण्यापेक्षा निराळे दिसते, तरी ते त्याच दाण्याचे असते. शुभवर्तमानात उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण कायम आहेत, ही गोष्टही येथे महत्त्वाची ठरते. सोसलेले दुःख पुसून न टाकता त्यासह माणसाचा उद्धार होतो, असे त्यातून सूचित होते.

या अर्थाने आशा म्हणजे सर्व काही ठीक होईल असा अंदाज नव्हे, तर ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आधारलेला भरवसा होय. थेस्सलनीका येथील मंडळीत काही जणांचा मृत्यू झाल्यामुळे मागे राहिलेले चिंतेत पडले, तेव्हा पौलाने त्यांना शोक आवरण्याची आज्ञा केली नाही. त्यांचा शोक आशाहीनांच्या शोकासारखा नसावा, एवढेच सांगितले.

अशा आशेमुळे माणूस इहलोकातील दुःखाकडे पाठ फिरवतो, हा आक्षेप जुना आहे, आणि महाराष्ट्रापुरते त्याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. १८७०च्या दशकातील दुष्काळाच्या हालअपेष्टांत त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दगावली, १८८०मध्ये भाऊ आणि १८८२मध्ये पती निवर्तले. १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा दिला. तरुणपणी भुकेने आपली माणसे नेताना पाहिलेल्या रमाबाई भुकेच्याच प्रदेशात पुन्हा उतरल्या. १९२१मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तल्यानंतरही, ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या स्वतःच्या मृत्यूपूर्वीच्या काळात, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. मृत्यूचा शब्द अखेरचा नाही, असा ज्याचा विश्वास आहे, त्याला मरणाच्या दारातील माणसाजवळ जाण्याचे धैर्य येते आणि त्या माणसाचे शरीर, भूक व लाज यांची काळजी वाहणे हे त्या विश्वासाचेच अंग बनते.

म्हणूनच ख्रिस्ती आशेची कसोटी मृत्यूविषयीच्या सिद्धांतात जितकी लागते, तितकीच रुग्णाच्या उशाशी आणि शोकाकुल घरातही लागते. ख्रिस्ती मंडळीने ही जबाबदारी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेतून, प्रभुभोजनातून आणि अंत्यविधीच्या उपासनेतून कशी पार पाडली, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.